गांवचा फोटोग्राफर

आमच्या विद्यार्थ्यांस चांगल्या धंद्यांची यादी करावयास सांगितली, तर तींत वकील, डॉक्टर, इंजिनियर व सरकारी अधिकारी यांचीं नांवें प्रथम येतात. लहान गांवांत फोटोग्राफीचें दुकान चालविणाऱ्या माणसाचें नांव त्या यादींत सहसा येत नाहीं. तरी पण गांवांतील बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यांतील दोन-चार महत्त्वाच्या दिवशीं हाच गृहस्थ हजर असतो. लग्न, बारसें, बाप्तिस्मा, शाळेचा निरोपसमारंभ, मुलाचें पलटणींत जाणें, म्हाताऱ्या आईची शेवटची तसबीर, या सर्व प्रसंगीं त्याला बोलावणें जातें; आणि काम झालें कीं त्याचा विसर पडतो. या लेखांत आम्ही त्या धंद्याचा थोडा अभ्यास करणार आहों. हा धंदा कसा चालत असे, गांवाशीं त्याचें नातें कसें होतें, आणि त्यापासून आपण काय शिकावें, हें तीन माणसांच्या चरित्रांवरून पाहावयाचें आहे. त्यांपैकीं एक आपल्या महाराष्ट्राचे असून दोघे अमेरिकेंतील आहेत.

प्रथम या कलेची थोडी माहिती करून घेऊं. फोटोग्राफी १८३९ सालीं जगापुढें आली. त्या वर्षीं फ्रान्समधील दागेर याची कृति प्रसिद्ध झाली. परंतु तिच्यांत रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे व त्याची दुसरी प्रत काढतां येत नसे. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें कांचेवर रसायनाचा थर देऊन चित्र घेण्याची कृति प्रसिद्ध केली. तींत एका कांचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघूं लागल्या. पण अडचण अशी कीं, थर ओला असतांनाच चित्र घेऊन तें लगेच धुवून काढावें लागे. बाहेरगांवीं जावयाचें म्हणजे अंधाराचा तंबू, बाटल्या व पाणी हें सर्व बिऱ्हाड गाडींत घालून न्यावें लागे. पुढें १८७१ सालीं रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टरानें जिलेटिनाच्या कोरड्या थराची युक्ति प्रसिद्ध केली, आणि कांहीं वर्षांतच तयार कांचा पेटींत बंद होऊन बाजारांत मिळूं लागल्या. या कोरड्या कांचेमुळेंच मोठ्या शहराबाहेर, थोड्या भांडवलाच्या माणसास हा धंदा करतां येऊं लागला.

अशा दुकानांत दोन खोल्या लागत; एक उजेडाची व दुसरी अंधाराची. उजेडाच्या खोलीची खिडकी, अगर छपरांतील कांच, शक्यतों उत्तरेकडे ठेवीत. याचें कारण विद्यार्थ्यांनीं भूगोलांतून काढावें. आपण उत्तर गोलार्धांत राहतों, आणि वर्षाचा बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो. म्हणून उत्तरेच्या खिडकींतून ऊन न येतां आकाशाचा सौम्य उजेड तेवढा येतो, व तो दिवसभर फारसा बदलत नाहीं. माणसाच्या चेहऱ्यावर काळ्या सांवल्या पडूं नयेत म्हणून हीच दिशा पसंत करीत. अंधाराच्या खोलींत तांबडा दिवा असे, कारण त्या काळच्या साध्या कांचेवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होत नसे. तेथें कांच डेव्हलपर नांवाच्या द्रावणांत धरली म्हणजे जेथें उजेड लागला असेल तेथें रुप्याचे काळे कण तयार होत. मग ती हायपोच्या द्रावणांत बुडवीत. त्यानें उजेड न लागलेलें रसायन विरघळून जाई व चित्र कायम होई. हीच निगेटिव्ह. तिच्यांत काळें तें पांढरें व पांढरें तें काळें दिसे, आणि तिच्यावरून कागदावर खरी तसबीर उतरे.

यांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हायपो वापरल्यावर कांच व कागद पुष्कळ पाण्यानें धुवावे लागत. तो धुण्यांत हयगय झाली, तरी त्या दिवशीं तसबीर सुंदरच दिसे. गिऱ्हाईक आनंदानें पैसे देऊन जाई. परंतु कांहीं वर्षांनीं ती पिवळी पडून विटूं लागे. उन्हाळ्यांत जेथें घागरभर पाण्यास मैलभर जावें लागतें, अशा गांवांत प्रत्येक कागद स्वच्छ धुणें हें खर्चाचें व श्रमाचें काम होतें. तें केलें कीं नाहीं हें फोटोग्राफर व त्याचा देव यांखेरीज कोणास कळत नसे. ज्या जुन्या तसबिरी आज आपल्या घरांत स्वच्छ आहेत, त्यांच्यामागें कोणा तरी माणसानें एकांतांत केलेलें प्रामाणिक काम आहे.

आतां धंद्याच्या हिशेबाकडे वळूं. गांवच्या फोटोग्राफरास बारमाही गिऱ्हाईक नसे. लग्नसराई, जत्रा व सुगीनंतरचे दिवस हे कमाईचे. पावसाळ्यांत उजेड मंद, रस्ते चिखलाचे व लोकांच्या हातीं पैसा नाहीं. भाडें मात्र बाराही महिने द्यावें लागे, आणि कांच, कागद व रसायनें शहरांतून रोखीनें आणावीं लागत. उलट गिऱ्हाईक ओळखीचें असल्यामुळें उधारी टाळतां येत नसे. कांहीं जण विसार देऊन जात व तसबीर न्यावयास परत येतच नसत. अशा धंद्यांत खरा आधार एकच होता, व तो म्हणजे निगेटिव्हचें कपाट. एकदां घेतलेल्या चित्राच्या पुढें कधींही आणखी प्रती काढून देतां येत. मुलगी सासरीं गेली, मुलगा परगांवीं नोकरीस गेला, घरांतील वडील माणूस वारलें, कीं लोक दुकानांत येऊन जुन्या तसबिरीची प्रत मागत. म्हणून शहाणा फोटोग्राफर प्रत्येक कांचेवर क्रमांक घाली, आणि वहींत त्या क्रमांकापुढें नांव, गांव व तारीख लिहून ठेवी. ज्याची वही चोख, त्याचें कपाट म्हणजे भांडवल. ज्याला वहीच नाहीं, त्याचें कपाट म्हणजे नुसत्या कांचा.

परंतु वही व कपाट यांच्याही आधीं विश्वास लागतो. आपला चेहरा दुसऱ्याच्या हातीं देणें ही लहान गोष्ट नव्हे. येथें आपल्या महाराष्ट्रांतील एका थोर पुरुषाचें उदाहरण घेऊं. धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांस आपण दादासाहेब फाळके म्हणून ओळखतों, त्यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं शिक्षण घेतलें. १९१३ सालीं त्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आणला हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण त्याच्या कितीतरी आधीं ते गुजराथेंतील गोध्रा या लहान शहरीं फोटोग्राफरचा धंदा करीत होते, हें फारसें कोणी सांगत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग पुढें गांवोगांव पसरला, व त्या आपत्तींत गोध्रा येथें फाळक्यांची पत्नी व मूल दगावलीं. ते बडोद्यास परतले व तेथें त्यांनीं पुन्हां दुकान मांडलें. परंतु कॅमेरा माणसाच्या शरीरांतील शक्ति ओढून घेतो व त्यामुळें मनुष्य मरतो, असा समज तेथें लोकांत पसरला होता; त्यामुळें धंदा चालेना.

आज आपणांस त्या समजाचें हसूं येईल. पण ज्या दिवसांत उंबऱ्याउंबऱ्यावर मृत्यु उभा होता, त्या दिवसांतील माणसांनीं एका काळ्या पेटीस भ्यावें, यांत नवल कसलें? फाळक्यांपाशीं शिक्षण होतें, कसब होतें, उद्योग होता. परंतु भ्यालेल्या माणसांपुढें या तिन्हींचें कांहीं चाललें नाहीं. फोटोग्राफरास रसायनांचें ज्ञान जितकें अवश्य, तितकेंच आपल्या गांवच्या लोकांच्या भीतीचें व दुःखाचेंही ज्ञान अवश्य आहे, हा त्यांच्या चरित्रांतील या लहानशा भागाचा आम्हांस वाटणारा अर्थ आहे.

दुसरें उदाहरण सॉलोमन बुचर याचें. हा १८५६ सालीं जन्मला. १८८० सालीं तो आपल्या वडिलांबरोबर अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत जमीन कसावयास आला. १८६२ च्या कायद्यानें सरकार तेथें वसाहत करणाऱ्यांस १६० एकर जमीन देत असे. तो सर्व प्रदेश गवताळ व वृक्षहीन. घर बांधावयास लांकूड नाहीं. म्हणून लोक गवताच्या मुळ्यांनीं घट्ट विणलेल्या जमिनीचे नांगरानें पट्टे काढीत, त्यांच्या विटांसारखे तुकडे करीत, व त्यांचीं घरें रचीत. बुचरास शेतीचे कष्ट मानवले नाहींत. फोटोग्राफीचें शिक्षण त्यानें तरुणपणींच घेतलें होतें. १८८६ सालीं त्याच्या मनांत आलें कीं, कस्टर परगण्यांत नव्यानें येऊन वसलेल्या या माणसांचा एक सचित्र इतिहास तयार करावा. तेव्हां घोड्यांच्या गाडींत कॅमेरा व कांचा घालून तो घरोघर हिंडूं लागला. लोकांना त्यानें स्टुडिओंत बोलाविलें नाहीं. त्यांच्या अंगणांत जाऊन, त्यांचीं मुलें, गुरें, नांगर व मातीचें घर यांसह त्यांचीं चित्रें घेतलीं.

त्यांपैकीं एका चित्राची हकीकत मोठी बोधप्रद आहे. हिल्टन नांवाच्या कुटुंबांतील बाईला आपल्या मातीच्या घराची लाज वाटत होती. दूरच्या आप्तांना तें दिसूं नये असें तिला वाटे. पण तिच्या घरीं एक नवा पायपेटीचा ऑर्गन होता, व तो मात्र सर्वांनीं पाहावा अशी तिची इच्छा होती. तेव्हां तो जड ऑर्गन घरांतून उचलून उघड्या अंगणांत आणला, त्याच्याभोंवतीं कुटुंब उभें राहिलें, व बुचरानें चित्र घेतलें. मग ऑर्गन पुन्हां आंत गेला. हें ऐकून कोणी हसेल. पण आपल्याकडील जुन्या तसबिरी काढून पाहा. ज्याला अक्षरओळख नाहीं त्याच्या हातांत पुस्तक, ज्याच्या घरीं घड्याळ नाहीं त्याच्या शेजारीं मेजावर घड्याळ, मागें रंगविलेल्या पडद्यावर राजवाड्याचे खांब! हीं माणसें जगास फसवीत नव्हतीं. आपलें जें स्वरूप व्हावें अशी त्यांस आशा होती, तें तीं कॅमेऱ्यापुढें ठेवीत होतीं. बुचरानें त्या बाईची थट्टा केली नाहीं, कीं घरासमोर उभें राहण्याची सक्तीही केली नाहीं, म्हणूनच तिच्या आशेचें चित्र आपणांस पाहावयास मिळालें.

बुचर व्यवहारांत मात्र कच्चा होता. त्याचे पैसे वारंवार संपत व काम अडे. १८९९ सालीं त्याच्या घरास आग लागून छापील चित्रें व लोकांकडून लिहून आणलेल्या हकीकती जळाल्या. सुदैवानें निगेटिव्ह कांचा धान्याच्या कोठारांत होत्या, त्या वांचल्या. त्यानें हकीकती पुन्हां गोळा केल्या, व एका सधन शेतकऱ्यानें पैशाचें साह्य केल्यामुळें १९०१ सालीं कस्टर परगण्याचा इतिहास अखेर छापून निघाला. पुढें त्यानें आपला सर्व संग्रह नेब्रास्काच्या इतिहास-संस्थेस विकला, त्याचे त्यास ६०० डॉलर मिळाले. १९२७ सालीं तो वारला. धनाच्या मापानें त्याचें आयुष्य फुकट गेलें असें म्हणावें लागेल. परंतु त्या मातीच्या घरांतील जीवनाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकास त्याच्या ३,००० हून अधिक चित्रांकडे वळावें लागतें.

तिसरा गृहस्थ याच्या अगदीं उलट स्वभावाचा. माइक डिसफार्मर याचा जन्म १८८४ सालीं झाला. त्याचें मूळ आडनांव मेयर. त्या जर्मन आडनांवाचा संबंध शेतकऱ्याशीं येतो, आणि आपण शेतकरी नाहीं हें दाखविण्याकरितां त्यानें १९३९ सालीं ‘शेतकरी नव्हे’ अशा अर्थाचें हें नवें नांव धारण केलें. आर्कान्सॉ संस्थानांतील हेबर स्प्रिंग्ज या लहान गांवांत, भर रस्त्यावर, उत्तरेकडून उजेड घेणारा त्याचा स्टुडिओ होता. तो एकटा राही, लोकांत मिसळत नसे, व विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होता. पण दुकान त्यानें नेटानें चालविलें. चित्रें पोस्टकार्डाएवढीं, दर माफक, पडदा साधा. राजवाडा नाहीं, फुलदाणी नाहीं, हंसावयाचा आग्रहही नाहीं. शेतकरी शेतांतल्या कपड्यांनिशीं येत, भाऊ-भाऊ येत, मैत्रिणी येत. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सैन्यांत गेलेले तरुण आपल्या आईबापांसह येत. त्या साध्या पडद्यापुढें माणूस कांहीं क्षण स्वतःच्याच विचारांत उभा राही, आणि तेंच कांचेवर उमटे.

१९५९ सालीं डिसफार्मर वारला. त्याच्या स्टुडिओंतील सर्व सामान गांवच्या एका माजी नगराध्यक्षानें अवघ्या ५ डॉलरांस घेतलें, व सुमारें ३,००० कांचा कित्येक वर्षें जपून ठेवल्या. पुढें १९७० नंतरच्या दशकांत गांवच्या वृत्तपत्राच्या संपादकाचें त्यांकडे लक्ष गेलें, आणि १९७६ सालीं त्यांतील निवडक चित्रांचें पुस्तक निघालें. आज मोठमोठ्या शहरांतील चित्रसंग्रहांत हेबर स्प्रिंग्जच्या शेतकऱ्यांचे चेहरे मानानें लावले जातात. त्या नगराध्यक्षानें त्या कांचा उकिरड्यावर टाकल्या असत्या, तर एका सबंध गांवाची एक पिढी कायमची दिसेनाशी झाली असती, आणि त्याबद्दल कोणीं त्यास दोषही दिला नसता.

या तिघांचा एकत्र विचार केला म्हणजे काय दिसतें? बुचरास माणसांचा लोभ होता, पण हिशेब नव्हता. डिसफार्मरपाशीं धंद्याची शिस्त होती, पण शेजाऱ्यांविषयीं जिव्हाळा दिसत नव्हता. फाळक्यांपाशीं दोन्ही असूनही काळ प्रतिकूल होता. तरी तिघांच्याही हातीं जें कांहीं आलें, तें गांवानें आणून दिलें होतें. फोटोग्राफरास विषयाच्या शोधार्थ हिमालयांत जाण्याची गरज नसते. आठवड्याचा बाजार, भजनी मंडळी, कुस्त्यांचा फड, उपासनामंदिराच्या पायऱ्यांवर सणाच्या दिवशीं उभी राहिलेली मंडळी, दाईच्या कडेवरील तान्हें मूल, यांकडे जो आदरानें पाहतो त्याला विषयांची कधीं वाण पडत नाहीं. कोणता म्हातारा कोणत्या बाजूनें ऐकूं येत नाहीं म्हणून मान कलती करतो, कोणती सासू सुनेस आपल्या शेजारीं बसूं देते, कोणतें मूल बापाच्या मागें लपतें, हें ओळखणें हेंच त्याचें शिक्षण, व तें गांवच देतें.

आतां आजच्या काळाचा विचार. आज प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलनें क्षणांत चित्र निघतें. कांचा गेल्या, फिल्मही बहुतेक गेली. पुष्कळ जुनीं दुकानें बंद पडलीं, व जीं उरलीं त्यांनीं नवीं यंत्रें घेतलीं. आम्ही याबद्दल शोक करीत नाहीं. गरिबाच्या मुलाचें चित्र निघणें सोपें झालें, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत घ्यावी. पूर्वी घरांतील तसबीर हरवली, तरी तिची निगेटिव्ह गांवच्या फोटोग्राफरच्या कपाटांत असे. नकळत तो सर्व गांवाची दुसरी प्रत सांभाळीत होता. आतां तें काम करणारा तिसरा माणूस राहिला नाहीं. फोन हरवला अगर बिघडला, व चित्रांची दुसरी प्रत कोठें ठेवलेली नसली, म्हणजे सबंध वर्षांचीं चित्रें एका दिवसांत जातात. आणि बंद पडलेल्या दुकानांतील जुन्या निगेटिव्ह पावसाळ्याच्या दमटपणानें बुरशी येऊन खराब होत आहेत, किंवा अडगळ म्हणून भंगारांत जात आहेत.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या सुटींत तुम्हांस तीन कामें सांगतों. पहिलें, आपल्या घरांतील जुन्या तसबिरी काढून आजी-आजोबांपाशीं बसा, आणि प्रत्येक माणसाचें नांव, नातें व गांव विचारून तें तसबिरीच्या पाठीमागें मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहा. शाई कागदांतून पुढें उतरते, म्हणून ती वापरूं नका. दुसरें, घरांत किंवा ओळखीच्या दुकानांत जुन्या कांचा सांपडल्या, तर त्या एकमेकींवर आडव्या रचूं नका. प्रत्येकीस कागदाच्या पाकिटांत घालून, कोरड्या जागीं, लांब कडेवर उभ्या ठेवा. तिसरें, गांवच्या वृद्ध फोटोग्राफरास भेटा, त्यांस नमस्कार करून त्यांच्या जुन्या वह्या आहेत काय तें विचारा, व त्यांच्या आठवणी लिहून आणा. पालकांनीं या कामांत मुलांस वेळ द्यावा, अशी त्यांस आमची विनंति आहे.

नांवांविषयीं आमचा एवढा आग्रह कां, असें कोणी विचारील. शुभवर्तमानांतील चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारतो, हें आपण लहानपणापासून शिकत आलों आहों. गर्दींतील प्रत्येक जण कोणी तरी आहे, ही त्यांतील शिकवण. याच वार्षिकांत दरवर्षीं निरनिराळ्या वर्गांचे गट-फोटो छापले जातात, व त्यांखालीं ‘डावीकडून पहिला’ असें म्हणून एकेकाचें नांव देण्याची चाल आहे. बारीक अक्षरांतील ती ओळ वाचण्याचा पुष्कळांस कंटाळा येतो. परंतु पन्नास वर्षांनीं एखादा नातू हा अंक उघडून मागच्या रांगेंतील किडकिडीत मुलाकडे बोट दाखवील, तेव्हां त्यास उत्तर देणारी ती एकच ओळ असेल.